राणोजींची हवा

चेन्नईत, अण्णा नगरच्या पश्चिमेला, एके काळी पिठाची गिरणी होती त्या जागेत, राणोजी साळुंख्यांचं गॅरेज होतं. दारावर निळी पाटी: 'राणोजी राव साळुंखे, टर्बो चार्जमन, निवृत्त'. पहिली ओळ तमिळमध्ये, दुसरी इंग्रजीत आणि तिसरी मोडीत. मोडी रंगवणाऱ्यालाही येत नव्हती आणि रंगवून घेणाऱ्यालाही. पण पूर्वज वाचतील, असा राणोजींचा भरवसा होता.

'चार्जमन' हा शब्द मात्र घोटाळ्याचा होता. शहराबाहेरच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात रणगाड्यांची इंजिनं बांधत राणोजींनी जन्म काढला आणि चार्जमन या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, एवढाच त्याचा अर्थ. पण ते चेन्नईत दिवे जायचे दिवस होते. लोक इन्व्हर्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन यायचे आणि 'सार, चार्ज' म्हणायचे. राणोजी त्यांना हाकलत नसत. खुर्ची देत, कॉफी देत आणि टर्बो म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगत. तो माणूस पुन्हा त्या गल्लीतून जात नसे.

"धूर वाया जातो की नाही?" राणोजी सांगत. "त्या धुराच्या वाटेंत पंखा ठेवायचा. तो फिरला की त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा कोंबून इंजिनांत भरतो. जास्त हवा, जास्त जोर. पण जावयाला वाढतात तसं वाढायचं. आग्रह होणें, पाहिजेच, पण पानावरच जीव जाऊं नये."

ही राणोजींची मराठी. व्यंकोजीराजांबरोबर त्यांचं घराणं तंजावरला आलं, तेव्हापासून ते तमिळ मुलखातच थांबलं होतं, आणि मराठीही त्याच्याबरोबर थांबली होती. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली मराठी माणसं त्यांच्या मते फक्त उशिरा आलेली होती.

गॅरेजच्या मध्यभागी, ताडपत्रीखाली, राणोजींचा खरा अभिमान उभा होता: दोन दारांची लाल जपानी गाडी. बंदराजवळच्या एका गोदामात पाणी शिरलं तेव्हा ती बुडून मेली होती. राणोजींनी तिचं इंजिन नटानटानं सोडवलं, धुतलं, नवे पिस्टन घातले आणि पुन्हा बांधलं. दुसरं तसलं इंजिन देशात शोधून मिळालं नसतं. ती चालवायची त्यांची मुलगी हरिणी. आठवडाभर ती सिरुसेरीच्या कंपनीत संगणकासमोर बसायची आणि रविवारी या गाडीत. दोन्हीकडे बसायची सारखीच शांत. पण रविवारी आजूबाजूचे लोक शांत राहत नसत.

असं सगळं नीट चाललेलं असताना राणोजींनी विडा खाल्ला.

त्याचं असं झालं. मराठा मंडळाचं वार्षिक जेवण होतं. उदयसिंह मोहिते, ग्रॅनाइटचे व्यापारी आणि मंडळाचे अध्यक्ष, यांनी नवी जर्मन गाडी घेतली होती, टर्बो कंपनीनंच बसवून दिलेला. जेवण झाल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "गल्लींत बसवलेली हवा ती गल्लीचीच. कंपनीची हवा ती कंपनीची! आहे का कोणी असा, जो रविवारीं शोलावरमच्या धावपट्टीवर माझ्यापुढे जाईल? असेल तर त्यानें हा विडा उचलावा!" आणि जुन्या रिवाजाप्रमाणे चांदीच्या तबकात एकच विडा त्यांनी मधोमध ठेवला. अर्थात थट्टेनं.

राणोजी त्या वेळी बाहेर हात धूत होते. त्यांनी हे काहीच ऐकलं नव्हतं. ते आत आले, पोटावरून हात फिरवला, समोर विडा दिसला, तो उचलला आणि तोंडात टाकला.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय झालें?" राणोजींनी भरल्या तोंडानं विचारलं.

"अहो, थुंका!" त्यांच्या पत्नी राजसबाई बायकांच्या पंगतीतून ओरडल्या. "थुंका म्हणतें ना!"

पण साळुंख्यांच्या घराण्यात उचललेला विडा कोणी थुंकला नव्हता. कोणी आधी न ऐकता उचललाही नव्हता. पण हा तपशील राणोजींनी विड्याबरोबरच गिळला. उदयसिंहांनी तिथल्या तिथे अटी सांगितल्या. राणोजी हरले तर पाटी उतरवायची. उदयसिंह हरले तर जर्मन गाडी इथून पुढे दुरुस्तीला राणोजींच्या गॅरेजात येणार.

"मंजूर," राणोजी म्हणाले. घरी जाताना स्कूटरवर राजसबाई मागून एकच वाक्य बोलल्या. "पाटी उतरवायची म्हणजे शिडी कोणाची आणायची, तें आत्तांच ठरवून ठेवा."

राणोजींना त्या रात्री घोरता आलं नाही. पाटी म्हणजे पत्रा नव्हता. कारखान्यात जन्मभर त्यांनी इंजिनं बांधली, पण ती रणगाड्याच्या पोटात जात आणि रणगाड्यावर सरकारचं नाव असे. स्वतःचं नाव त्यांनी आयुष्यात एकाच जागी लिहिलेलं पाहिलं होतं, आणि ती जागा गिरणीच्या दारावर होती.

शनिवारी धावपट्टीवर सरावाचा दिवस होता. राणोजींनी टर्बोची हवा वाढवायचं ठरवलं, आणि हरिणीनं ठरवलं की ते काम अंदाजानं होणार नाही. तिनं ऑफिसातल्या हेरंब सहस्रबुद्धेला बोलावलं. हा पुण्याचा, पेरुंगुडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, गाड्यांचं वेड असलेला आणि गाडी नसलेला तरुण. त्याच्याकडे लॅपटॉप होता, आणि हवेचा दाब, पेट्रोलचं प्रमाण असं सगळं त्याच्या पडद्यावर दाखवणारी वायर होती. तमिळ मात्र त्याला पाणी मागण्यापुरतंच येत होतं.

"काका, नमस्कार. बूस्ट कंट्रोलर कोणता बसवलाय?" त्यानं विचारलं.

राणोजींनी पितळेचा एक चिमुकला नळ दाखवला.

"हा... हा माशांच्या टाकीचा आहे का?"

"कोळत्तूरचा. तिथें अस्के मासेवालेच. बुडबुडे सोडायचा नळ."

'अस्के' म्हणजे 'सगळे', हे हेरंबनं अंदाजानं ओळखलं आणि नळाकडे संशयानं पाहिलं. पण नळ बसवण्यामागचं डोकं त्याला पटलं. टर्बोवर एक पहारेकरी असतो: दाब वाढला की तो दार उघडून धूर दुसऱ्या वाटेनं सोडून देतो, म्हणजे पंखा मंदावतो. त्या पहारेकऱ्याला दाब कळतो तो एका बारीक नळीतून. राणोजींनी त्या नळीला मध्येच हा नळ जोडून तो गाडीच्या आत, पुढच्या सीटजवळ आणला होता. नळ उघडला की थोडी हवा गळायची, पहारेकऱ्याला सगळं आलबेल वाटायचं, आणि तेवढ्यात टर्बो आणखी हवा कोंबून घ्यायचा. नळ जितका उघडा, तितका पहारेकरी गाफील. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसालाच हे सुचावं.

ठरलं ते असं. हरिणी गाडी चालवणार. राणोजी शेजारी बसून नळ हळूहळू उघडणार. हेरंब मागे बसून आकडा वाचणार, आणि दाब एक 'बार' या मापापर्यंत आला की थांबवणार. मागची सीट पाय नसलेल्या माणसांसाठी केलेली असल्यामुळे हेरंबचे गुडघे कानाशी आले आणि लॅपटॉप हनुवटीखाली. राजसबाई पट्टीच्या कडेला छत्री उघडून, टिफिनचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. उदयसिंहही आले होते, पांढऱ्या टोपीत, दुर्बीण घेऊन.

"अप्पा, रेडी-आ?" हरिणीनं विचारलं.

"बरें, सोड."

गाडी सुटली. युद्धाच्या काळातली ती विमानांची पट्टी खडबडीत होती, आणि कॉलेजात असताना कुंपणावरून उडी मारून राणोजींनी इथेच शर्यती पाहिल्या होत्या. दुसरा गिअर, तिसरा. टर्बोची शीळ सुरू झाली. राणोजींनी दोन बोटांत नळ धरला.

"पॉइंट सात," मागून हेरंब ओरडला. "उघडा! पॉइंट आठ. उघडा, उघडा! पॉइंट नऊ, हळू... एक! पुरे!"

आता 'पुरे' म्हणजे 'बस', हे पुण्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पण साळुंख्यांच्या घरात ताटावर हात आडवा धरून 'पोदुम' म्हणायची रीत होती. तमिळ मुलखात राहून निदान जेवण तरी तमिळमध्ये थांबवावं लागतं. आणि चेन्नईच्या रस्त्यावर 'पूरा' म्हणजे अख्खा, सगळाच्या सगळा. बस पूरा भरली. टाकी पूरा भर.

राणोजींनी नळ पूरा उघडला.

गाडीनं एकदा श्वास घेतला आणि कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी ती झेपावली. हेरंबची मान सीटमध्ये रुतली.

"पुरे! काका, पुरे!"

"पूरा केलें!"

"अहो पुरे! पुरे! दीडच्या वर गेलंय!"

"अस्कं दिलें हो! आणखी कोठून आणूं? मासेवाल्याकडे एवढाच नळ होता!"

"अय्यो, अप्पा!" हरिणी म्हणाली, पण ती हसत होती, आणि पायही उचलत नव्हती. छत्री, टोपी, दुर्बीण, सगळं एका रेघेत निघून गेलं. राणोजींना रडू येईल की काय असं वाटलं. बुडून मेलेलं इंजिन, त्यांच्या दहा बोटांनी जोडलेलं, असं गात होतं की जणू त्याला पाण्याचं नावच ठाऊक नाही.

मग 'फाड' असा आवाज झाला आणि गाडीतला सगळा जीव गेला. इंजिन गुदमरून बंद पडलं. गाडी नुसत्या वेगावर घरंगळत पट्टीच्या टोकाला जाऊन थांबली.

राणोजी उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि त्यांना गिरणीचं दार दिसलं, पाटी नसलेलं, खिळ्यांची दोन भोकं तेवढी राहिलेलं.

"अप्पा, मी उघडूं?" हरिणीनं विचारलं.

"नको. माझें आहे, मीच पाहतों."

आत एक जाडजूड रबरी पाइप निसटून लोंबत होता. टर्बोची हवा इंजिनात नेणारा पाइप. दाब सहन न होऊन त्यानं क्लिप सोडली होती. पण ते दुखणं वरवरचं. खरं दुखणं आत असतं. राणोजींनी पाना मागितला, एक स्पार्क प्लग काढला आणि उन्हात धरला. अति हवेनं पिस्टन वितळू लागला असेल तर प्लगच्या टोकावर चांदीसारखे बारीक कण दिसतात. ते त्यांनी चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्याखालून पाहिलं. मग दुसरा प्लग काढला. तिसरा. चौथा.

"हेरंबराव, इकडे या. कसला रंग?"

"ब्राउन... फिकट ब्राउन."

"फिल्टर कॉफी," राणोजी म्हणाले. "एक कण नाहीं. दीड बार खाऊन कॉफी पिऊन बसलें आहे!" पाइप चढवून, क्लिप आवळून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. राणोजींची छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तिथे आवळलेल्या क्लिपचंच काम करत होतं.

मग भांडणाला सवड मिळाली.

"काका, मी पुरे म्हणत होतो! पुरे म्हणजे थांबा!"

"थांबा म्हणजे पोदुम!"

"मला तमिळ येत नाही!"

"मराठी तरी येतें का? पूरा म्हणजे अस्कं. ह्या गांवांत रिक्षावाल्याला ठाऊक आहे!"

"मी रिक्षावाल्याशी नाही, मराठी माणसाशी बोलत होतो!"

"एका शब्दानें इंजिन मारायला निघालां आणि मला मराठी शिकवतां? आम्ही इथें आलों तेव्हां तुमचे सहस्रबुद्धे पुण्यांत पोंचले पण नव्हते!"

एवढ्यात राजसबाई छत्री आणि डबा घेऊन चालत येऊन पोहोचल्या. सगळं ऐकून घेतलं. डबा उघडून त्यांनी हेरंबच्या हातात दहीभाताची ताटली दिली आणि वाढू लागल्या. वाढतच राहिल्या. हेरंबनं गडबडून ताटलीवर हात आडवा धरला.

"हें काय?" राजसबाईंनी विचारलं.

"पुरे... म्हणजे..."

"पाहिलें?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तोंडानें बोलूं नका. हात धरा. पुण्याचा हात आणि तंजावरचा हात, पानावर एकच असतो."

त्यानंतरच्या फेरीत हेरंबनं मागून राणोजींच्या नाकासमोर हात लांब केला आणि दाब एक बारला टेकताच तो आडवा धरला. राणोजींनी नळ तिथेच थांबवला.

पण आता खरी परीक्षा होती. गाडी दीड बारवर गाताना सगळ्यांनी पाहिली होती. पोरं गोळा झाली. "सार, किती बूस्ट?" उदयसिंह स्वतः चालत आले. "राणोजी, पहिली धाव छान होती. दुसरी जरा मिळमिळीत. उद्यां कोणती आणणार?"

राणोजींचा हात नळाकडे गेला. पहिली धाव त्यांच्या अजून कानात होती. पाइपला दोन क्लिपा लावल्या की झालं. इंजिन तर सोसतच होतं. एकदा सोसलं. त्यांनी हरिणीकडे पाहिलं. ती हेल्मेट काखेत धरून उभी होती. उद्या गाडीत शेजारी कुणी बसणार नव्हतं. पिस्टनला भोक पडलं, गरम तेल चाकाखाली आलं, तर स्टिअरिंग तिच्या हातात असणार होतं.

राणोजींनी खिशातून बारीक तार काढली. कारखान्यात लावलेला स्क्रू हलू नये म्हणून तो तारेनं बांधायची पद्धत होती. त्यांनी नळाच्या मुठीभोवती तार घातली, पक्कडीनं पीळ दिला आणि उरलेलं टोक कापून टाकलं.

"मिळमिळीत आणणार," ते उदयसिंहांना म्हणाले.

रविवारी पट्टीच्या दोन्ही कडांना माणसं होती. मंडळाचे लोक झेंडा घेऊन आले होते, पण तो कुणाच्या बाजूनं हलवायचा हे न ठरल्यामुळे गुंडाळलेला होता. जर्मन गाडी काळी, आरशासारखी. तिच्या शेजारी लाल गाडी शेंदूर लावलेल्या गावदेवासारखी दिसत होती.

निशाण पडलं आणि जर्मन गाडी सुळ्ळकन निघाली. लाल गाडी मागे राहिली. टर्बोला फिरायला वेळ लागतो. कंपनीच्या टर्बोला कमी, राणोजींच्या टर्बोला जास्त. उदयसिंहांची टोपी पुढे, हरिणीचं हेल्मेट मागे. राणोजींनी डोळे मिटले. पाहायला त्यांना डोळे लागतच नव्हते. दुसरा गिअर. शीळ. तिसरा, आणि हरिणीनं तो असा टाकला की शीळ तुटलीच नाही, एका सुरातून दुसऱ्या सुरात गेली. हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. हे बांधता येत नाही, आणि तारेनं आवळताही येत नाही. राणोजींनी डोळे उघडले तेव्हा दोन्ही गाड्या टोकाशी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसत होत्या आणि लोक झेंडा सोडवत होते.

"कोण?" त्यांनी हेरंबला विचारलं.

हेरंब नुसता उड्या मारत होता. पुण्याच्या माणसानं चेन्नईच्या उन्हात उड्या मारल्या, यावरून राणोजी काय ते समजले.

"बॉनेटभर," राजसबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीचें बॉनेट."

राणोजींनी दुरुस्ती केली नाही. बॉनेट त्यांचं होतं, पण मुलगी दोघांची होती. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत राहिले: "तिसरा गिअर ऐकलां का? तिसरा? इंजिन सोडा हो, इंजिन कोणीही बांधतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं, आणि राजसबाईंनी शेजारणीला साक्षीला ठेवलं.

सोमवारी सकाळी, शब्दाप्रमाणे, उदयसिंह जर्मन गाडी घेऊन निळ्या पाटीखाली हजर झाले. "तुमच्या हवालीं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

राणोजींनी मोठ्या तोऱ्यात बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. म्हणजे असणार, पण वर इकडून तिकडे काळं प्लास्टिकचं झाकण होतं. नट नाही, पाइप नाही, टर्बो नाही. राणोजी हात मागे बांधून उभे राहिले. एका बाजूनं पाहिलं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"काय, सांपडलें का?" उदयसिंहांनी विचारलं.

"घाई नको. आधी ओळख होऊं दे," राणोजी म्हणाले आणि आत जाऊन हेरंबला फोन केला.

हेरंब रजा टाकून आला. "हे आमचे पुण्याचे असिस्टंट," राणोजींनी ओळख करून दिली. हेरंबनं लॅपटॉप जोडला, बरंच काही पाहिलं आणि कानात सांगितलं, "काका, गाडीत काहीच बिघाड नाही. बूस्ट वाढवायचा तर इथे फक्त आकडा बदलायचा."

"आणि नळ?"

"नळ नसतो."

राणोजींना त्या गाडीची दया आली. त्यांनी लॅपटॉप मिटायला लावला, काच फडक्यानं पुसली, आणि मग कॉम्प्रेसरचा पाइप ओढत नेऊन चारही चाकांत हवा पाहिली. चारीत कमी होती. ग्रॅनाइटच्या व्यापाऱ्याला खाली वाकायची सवय नसते. राणोजींनी एकेका चाकाशी गुडघे टेकून, कान लावून, मापानं हवा भरली.

उदयसिंह राउंडाण्याच्या गोल चौकापर्यंत चक्कर मारून आले ते काच खाली करूनच. "राणोजी! काय केलेंत हो? हरणासारखी पळते. कंपनीवाल्यांना हें जमलें नव्हतें!"

"हवा भरली," राणोजी म्हणाले.

"किती?"

"तिला पचते तेवढी."

उदयसिंहांनी आदरानं मान डोलावली. हेरंब एकाएकी छताचे वासे मोजू लागला. राणोजींनी पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा गाडी आणायला सांगितली.